लायब्ररीची पाठशुद्धी

१९ मार्च २०२६, गुरुवार. गुढीपाडवा.

ज्याच्या कृपेवाचून शब्दाला अर्थ भेटत नाही त्या मंगलमूर्तीला, आणि एका सामान्य शाळामास्तराच्या हाती जिने लेखणी दिली त्या शारदेला वंदन करून ही रोजनिशी आरंभितो. शके १९४८. संवत्सराचे नाव पराभव आहे. तो शत्रूंचा समजावा.

आता प्रस्तुत विषय. गिरगावातील आमच्या धर्मसाहाय्यक सभेने सभासदांसाठी मोबाइलवर पंचांग काढण्याचे योजिले आहे. व्रत, सण, एकादशी, सारे आदल्या दिवशी मोबाइल आपण होऊन सांगेल. अध्यक्ष वीरेंद्रराव धैर्यवान यांनी हे काम आमच्या सूनबाईंकडे, चि. सौ. अनुजाकडे दिले. मला विचारले नाही. त्यांचा संकोच मी समजू शकतो. म्हणून मीच होऊन कळवले, की मजकुराचा भार मी वाहीन. "वाहा की मास्तर, घरचंच आहे," म्हणाले. तात्पर्य, प्रधान संपादक मी.

अनुजा कॉम्प्युटर इंजिनियर आहे. पाच वर्षांपूर्वी सौ. लतिकेच्या खुब्याचे हाड मोडले तेव्हा सासूच्या सेवेसाठी तिने नोकरी सोडली. सोडावी असे मीच सुचवले होते. आता सौ. तिन्ही जिने न थांबता चढते, तेव्हा अनुजाला परळच्या एका कंपनीत पुन्हा नोकरी हवी आहे. पाच वर्षे घरी बसलेल्या बाईला अजून काम येते, याचा पुरावा म्हणून हे ॲप ती मुलाखतीत दाखवणार. अवश्य दाखवावे. सुनेच्या आड येणारा सासरा मी नव्हे. माझा दुपारचा चहा, सायंकाळचे देवघर, भिजवलेल्या बदामांची साले आणि डोळ्यांतील थेंब, एवढे सांभाळून ती सर्वस्वी मोकळी आहे.

संकल्प: या वर्षी कोणावरही रागवायचे नाही.

२२ मार्च

रागावलो. चहा कोमट होता. संकल्प हा नेहमी अमावास्येनंतर लागू होतो, हे लक्षात आले.

२९ मार्च

अनुजा म्हणते, तिथीचे गणित ती स्वतः मांडणार नाही. त्यासाठी लायब्ररी घेणार आहे. कुणीतरी सज्जनाने गणित लिहून सर्वांसाठी मोकळे ठेवलेले असते, ते उचलून आपल्या प्रोजेक्टमध्ये बसवायचे. याला ओपन सोर्स म्हणतात. "कुणीही घ्यावं, कुणीही सुधारावं, बाबा. त्यातच मजा आहे."

कुणीही सुधारावे! ग्रंथ वाळवीने जेवढे खाल्ले नाहीत तेवढे सुधारणाऱ्यांनी खाल्ले. माझी हयात पोथ्यांच्या पाठचिकित्सेत गेली आहे. मूळ कर्त्याचे शब्द कोणते आणि मागाहून कोणी घुसडलेले कोणते, हे निवडून वेगळे करायचे. घुसडलेल्याला आम्ही प्रक्षिप्त म्हणतो. या विषयावरील माझा एक निबंध १९८७ साली छापून आला. दुसरा यायचा आहे.

विचारले, या लायब्ररीचा कर्ता कोण? म्हणाली, आरंभ कोइंबतूरच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी केला; पुढे चाळीसेक जणांनी भर घातली.

एका ग्रंथावर चाळीस हात! आणि हिला त्याची मजा वाटते.

२ एप्रिल

अनुजाने मला प्रोजेक्टमध्ये प्रवेश दिला. 'मजकूर' नावाच्या फोल्डरात सणांची नावे आहेत, त्यांचे शुद्धलेखन तपासायचे. बाकी फोल्डरांना हात लावायचा नाही, असे तीनतीनदा बजावले. मी मान डोलावली. मान डोलावणे म्हणजे वचन देणे नव्हे, असे धर्मशास्त्रात स्पष्ट नसले तरी अभिप्रेत आहे.

५ एप्रिल

लायब्ररीचे फोल्डर उघडून पाहिले. केवळ पाहिले.

यंत्रातील एक सोय मात्र स्तुत्य आहे. प्रत्येक ओळीशेजारी ती कोणी व केव्हा लिहिली हे नावानिशी दिसते. एका हस्तलिखिताचा काळ ठरवता ठरवता आमचे दोन सहकारी स्वर्गवासी झाले होते. येथे नुसते बोट ठेवायचे. ईश्वराने ही सोय कोणासाठी निर्मिली असावी, याचा विचार करीत झोपलो.

११ एप्रिल

आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी अनुजा आठवडाभर दादरला माहेरी गेली. संधी म्हणणार नाही. योग म्हणतो.

१२ एप्रिल

शुद्धीस प्रारंभ केला. पद्धती सोपी आहे: प्राध्यापकांची ओळ राखायची, इतरांची काढायची. ओळीत काय म्हटले आहे ते वाचण्याची आवश्यकता नाही. ती भाषा मला येतही नाही. हात ओळखता आला की पुरे.

पहिल्याच तडाख्यात ॲप बंद पडले. तेव्हा काढलेल्या ओळी एकेक करून परत ठेवत गेलो. ज्यांच्यावाचून ॲप चालतच नाही त्या नाइलाजाने ठेवल्या. ज्यांच्यावाचून चालते त्या निरुपयोगी होत्या, हे आपोआपच सिद्ध झाले.

१४ एप्रिल

पानावर एक लाल फुली उमटली आहे. शोध घेता असे आढळले, की 'परीक्षा' नावाचे एक फोल्डर असून ते प्रत्येक बदलानंतर लायब्ररीला प्रश्न विचारते आणि उत्तर चुकले की फुली मारते. परीक्षा कोणी घातल्या आहेत ते पाहिले. मागाहून आलेल्यांनीच! ज्यांचा मजकूर काढला तेच परीक्षक! शाळेत असते तर मी हे प्रकरण शिक्षणाधिकाऱ्यांकडे नेले असते.

परीक्षेचे फोल्डर काढून टाकले. तत्क्षणी हिरवी खूण आली. सत्याचा रंग हिरवा आहे.

सायंकाळी अनुजाचा फोन. माझ्या प्रत्येक बदलापुढे 'शुद्धी' असे लिहिलेले तिला तिकडे दिसते. "बाबा, शुद्धलेखनाचा अगदी धडाका लावलाय तुम्ही! छान." मी सत्य तेच बोललो: सेवा चालू आहे.

१९ एप्रिल

ॲपच्या पहिल्या पानावर 'निर्मिती: अनुजा' असे होते. तेथे 'प्रधान संपादक' म्हणून माझे नाव घातले व खाली 'साहाय्य: सूनबाई' असे लिहिले. नावाने पुण्य क्षीण होते, म्हणून तिचे काढले. माझे ठेवावे लागले, कारण वाचकाला अधिकारी पुरुष कळावा लागतो.

२० एप्रिल

चिरंजीव विनीत ताट ढकलून म्हणाला, "बाबा, ते तिला मुलाखतीत दाखवायचंय! सूनबाई कोण, असं विचारलं तर तिनं काय सांगायचं, मी सूनबाई?" विचार करतो, असे सांगितले. अनुजा भाकरी थापीत राहिली. मला तिचा हा विनय आवडतो. सौ. म्हणाली, "विनय नाही तो, अहो." मग काय, ते मात्र सांगितले नाही.

१० मे

ॲपचे प्रकाशन. सभागृह पाऊण भरले होते. मी भाषणात स्पष्ट सांगितले, की भिंतीवरची कॅलेंडरे व्यापारी छापतात. त्यांच्यात आणि सभेच्या ॲपमध्ये फरक पडला तर डोळे मिटून ॲप धरावे, कारण त्याचा पाठ शुद्ध आहे. टाळ्या झाल्या. समोसे गार होते.

अनुजाचा सत्कार राहून गेला. वेळ संपली होती.

१७ मे

आजपासून अधिक ज्येष्ठ. पुरुषोत्तम मासाच्या माहात्म्यावर देवळात रोज निरूपण करणार आहे. ॲप मी स्वतः वापरीत नाही. मला पंचांग मुखोद्गत आहे. अनुजा दिवसभर मुलाखतीच्या अभ्यासात असते. पाच जूनला परळला बोलावले आहे. तिला नोकरी लागावी अशी मी रोज प्रार्थना करतो. लागली तर घरून करता येणारी लागावी, एवढी पुस्ती जोडतो.

३० मे

जिन्यात महिला मंडळाच्या शकूताई भेटल्या. मूळच्या मालवणकडच्या, आवाज मोठा. "मास्तर, भिंतीवरच्या कॅलेंडरात एक हा आणि तुमच्या ॲपात दुसराच सांगता. खयचा धरूचा?" त्या पुढे आणखी काही सांगू पाहत होत्या. मी हात वर केला आणि म्हणालो, ॲप. निर्णय एका शब्दात द्यावा. त्याने श्रद्धा वाढते.

३१ मे, रविवार. सकाळ.

सौ. हिरवे लुगडे नेसून, नथ घालून, फणसाचे गरे आणि सूत घेऊन बाहेर पडली. उपवास आहे म्हणाली. अधिकातील एखादे व्रत असावे. विचारले नाही. बायकांच्या व्रतांत पुरुषाने फार शिरू नये.

त्याच दिवशी, दुपार.

मन स्थिर करून लिहितो.

आमच्या मंडळाच्या एकूण एक सुवासिनींनी आज देवळामागच्या वडाला सूत गुंडाळून वटपौर्णिमा साजरी केली. ॲपने त्यांना तसे कळवले होते. वटपौर्णिमा निज ज्येष्ठात, म्हणजे पुढच्या महिन्यात आहे, हे शेंबडे पोर सांगेल. ॲपला मात्र अधिक महिना ओळखताच आला नाही. त्याने ज्येष्ठाची पहिली पौर्णिमा दिसताच बायकांना वडाकडे धाडले. अधिक महिना ओळखण्याची व्यवस्था लायब्ररीत होती. ती मागाहून आलेल्या कोणी केली होती.

शकूताई मंडळासह दारात आल्या. "मास्तर, शेजारच्या वाडीतल्यो बायो दात काढतत आमका! म्हणतत, एक म्हयनो आदी कित्याक गो? घोव पळान जातत काय?"

मी डगमगलो नाही. शास्त्राचा धागा कोठूनही काढता येतो. सांगितले, की अधिक मासात केलेल्या पुण्याचे फळ दुप्पट मिळते. तेव्हा कोणाचेही काही वाया गेलेले नाही.

मग शकूताई हळू आवाजात म्हणाल्या, "दुप्पट म्हणजे? ह्योच दादलो, चौदा जन्म?"

मागून कोणीतरी हुंदका दिला. कोणी म्हणाले, "अगो बाय माझे, माका सातच झेपणत नाय!" एका बाईने यावर काही उतारा आहे का, असे विचारले. सौ. लतिका घोळक्याच्या कडेला उभी होती. ती माझ्याकडे नवीन काही दिसल्यासारखी पाहत राहिली.

त्याच दिवशी, सायंकाळ.

वीरेंद्ररावांचा फोन. त्यांच्या घरच्यांनीही सूत गुंडाळले होते. चूक कोणाची, असे सरळ विचारले. मी एवढेच म्हणालो, की अनुजा तरुण आहे, बरीच वर्षे घरी होती, सांभाळून घ्यावे. यात असत्य एकही शब्द नाही, तपासून पाहिला.

नंतर ॲपचे पहिले पान उघडून 'निर्मिती: अनुजा' असे पूर्ववत ठळक केले आणि माझे नाव काढले. श्रेयाचा मोह मला कधीच नव्हता.

१ जून

अनुजाने माझी सारी शुद्धी सकाळच्या चहापूर्वी परतवली. तेथे म्हणे तशी सोय असते. घडलेले सर्व न घडल्यासारखे करता येते. आवाज चढवला नाही. फक्त विचारले, "बाबा, लाल फुली आली तेव्हा मला एक फोन का नाही केलात?" मी म्हणालो, फुली राहिली कोठे होती? परीक्षाच काढली होती. ती खुर्चीवर बसली.

विनीत ओरडला. "शुक्रवारी तिचा इंटरव्ह्यू आहे! सगळं गिरगाव हसतंय तिला, आणि अध्यक्षांना तुम्ही काय सांगितलंत? सांभाळून घ्या?" मी जप सुरू केला होता, त्यामुळे उत्तर देता आले नाही.

२ जून

बाजू मांडण्यासाठी कोइंबतूरच्या प्राध्यापकांना ई-मेलने सविस्तर पत्र पाठवले. आपला मूळ ग्रंथ मी चाळीस जणांच्या तावडीतून सोडवला असून मान्यतेची चार वाक्ये कळवावीत, असे विनविले. त्यांचे उत्तर अनुजाच्या मुलाखतीपूर्वी आले, तर तिलाही माझ्या कार्याचा आधार होईल.

३ जून

उत्तर आले. त्यांनी लिहिले आहे, की त्यांच्या मूळ गणितात अधिक मासाची घोडचूक होती. ती ज्यांनी सुधारली त्यांचे ते आजन्म ऋणी आहेत. आपण काढून टाकलेला भागच त्या लायब्ररीत सर्वांत विश्वासार्ह आहे. आणि यापुढे कृपया पत्र पाठवू नये.

किती नम्रता! परंतु पाठचिकित्सेच्या नियमाप्रमाणे स्वतःच्या ग्रंथाविषयी कर्त्याचे मत ग्राह्य धरता येत नाही.

अनुजाने पत्र वाचले. "बाबा, ह्याची एक कॉपी मला द्याल?" मी आनंदाने दिली. शेवटी तिला माझे मोल कळू लागले.

५ जून

मुलाखत झाली. वृत्तान्त विनीतकडून कळला, तोही तो सौ.ला सांगत असताना.

तिघे जण समोर बसले होते. एकाने विचारले, की मधली पाच वर्षे काय केले? मग विचारले, तुमच्या हातून बिघडलेले एखादे काम सांगा. अनुजाने वडाची हकिकत सांगितली. माझ्या हाताने काढलेल्या ओळी, काढलेल्या परीक्षा, त्यांपुढे लिहिलेला 'शुद्धी' हा शब्द, सारे तेथल्या मोठ्या पडद्यावर नावानिशी दाखवले. तिघांपैकी एक बाई हसता हसता बाहेर जाऊन पाणी पिऊन आल्या. प्राध्यापकांचे पत्र त्यांनी दोनदा वाचून घेतले.

मग विचारले, चूक कोणाची? अनुजा म्हणाली, "माझी. ज्याला एकाच फोल्डरची गरज होती त्याला मी सगळ्या घराची किल्ली दिली. आता परीक्षा कुणाला काढता येत नाहीत, आणि कुठलाही बदल दुसऱ्या माणसाने वाचल्याशिवाय आत येत नाही." आणि त्या गृहस्थांचे काय केले, असे त्या बाईंनी विचारले. अनुजा म्हणाली, "त्यांच्या चहाची वेळ झाली होती. चहा दिला."

परळच्या एका मोठ्या कचेरीत पडद्यावर माझे नाव झळकले. विनीतला ही बाब पुरेशी महत्त्वाची वाटलेली दिसत नाही.

१५ जून

अधिक मास संपला. अनुजाला नोकरी लागली.

हे घडले कशामुळे, याचा शांतपणे विचार केला. मी पाठशुद्धी केली नसती तर वड घडला नसता. वड घडला नसता तर सांगण्यासारखे तिच्याजवळ काय होते? गुरुदक्षिणा मागितली नाही. केवळ एवढे विचारले, की घरून काम करता येईल ना? "नाही बाबा, पाचही दिवस ऑफिस. मीच मागून घेतलं." पेढे मात्र तिने पहिल्यांदा माझ्यापुढेच धरले. हात जोडून 'येते' म्हणाली. कामावर जायला तर अजून दोन आठवडे होते.

२१ जून

वीरेंद्रराव घरी येऊन गेले. अनुजापाशी बसून दिलगिरी व्यक्त केली. मी काय बोललो होतो तेही तिला सांगितले. ती म्हणाली, माहीत होतं. सभेने आता तिला संपादक नेमले आहे. माझा प्रवेश काढून घेतला आहे. शुद्धलेखन कागदावर लिहून द्यावे, ते पाहून घेऊ, असे ठरले.

संकल्प: शुद्धलेखन करायचे नाही.

२९ जून, सोमवार. वटपौर्णिमा, खरी.

अनुजाचा ऑफिसचा पहिला दिवस. सकाळपासून घरात लगबग. सौ. लतिका हिरवे लुगडे नेसून तयार झाली. मी प्रसन्न होऊन तिला विधी समजावू लागलो: सूत कसे गुंडाळावे, मंत्र कोठे म्हणावा.

ती म्हणाली, ती वडाला जात नाही. अनुजाला ऑफिसच्या दारापर्यंत सोडणार, मग वडाळ्याला बहिणीकडे जाणार. चार दिवस राहणार. "माझं झालं त्या दिवशी. तुम्हीच म्हणालात, दुप्पट लागू झालं. आता आणखी सात घातले तर एकवीस होतील."

मला घाई झाली. मी शब्द न निवडता बोलून गेलो. म्हणालो, तो निर्णय मी मागे घेतो. अधिकातले व्रत मुळीच लागू होत नाही. ते झालेच नाही असे समजायचे असते. तेव्हा आज करावेच लागेल, नाहीतर पुढे एकही जन्म मिळणार नाही.

सौ.ने पदर खांद्यावर घेतला. "नक्की? ते झालंच नाही? एकही नाही?"

मी म्हणालो, शास्त्र निःसंदिग्ध आहे.

"अगं अनुजा," ती आत वळून म्हणाली, "सुटले गं मी." आणि दोघी जिन्यात हसू लागल्या. तळमजल्यापर्यंत हसण्याचा आवाज येत होता. मला नमस्कार करायचा राहिला, हे अनुजाच्या लक्षात आले असावे, कारण तिने खालून हात हलवला. सौ.ने वर पाहिले नाही.

विनीत कामावर गेला. घर शांत आहे. खिडकीतून देवळामागचा वड दिसतो. शकूताई आणि त्यांचे मंडळ पुन्हा आले आहे. भांडत, हसत, पुन्हा एकदा सूत गुंडाळीत आहे. एकेकीच्या हातून धागा सुटतो, दुसरी तो उचलून देते. मी प्रत्येक चेहरा नीट पाहिला. हिरवी लुगडी पुष्कळ आहेत. डोळ्यांत थेंब घालायचे राहिल्यामुळे असेल, सगळी सारखीच दिसली.

हे लिहून संपवतो. जे कोणी कधी हे वाचतील त्या सर्वांना आयुष्य मिळो, आरोग्य मिळो, त्यांच्या घरी मंगल नांदो. आणि कोणीतरी, निदान एका जन्मासाठी, त्यांना देवाजवळ मागून घेवो.